फॅमिली सेक्शनमधला प्रश्न

परकारभाई हॉटेलच्या पुढच्या दाराकडे निघाले आणि माझे पाय आपोआप बाजूच्या गल्लीकडे वळले. गल्लीत फॅमिली सेक्शनचं, बायका-कुटुंबांसाठीचं वेगळं दार असायचं. काळी काच, वर अरबी-इंग्रजी पाटी, उघडताना करकरणारी स्प्रिंग.

"भाबी, तिकडे कुठे? आता सगळ्यांना दार एकच."

मी हसले, पण पायांना पटायला वेळ लागला. जेद्दा सोडून पंधरा वर्षं झाली. इकडे काय काय बदललं ते मी बातम्यांत वाचलं होतं, पण पाय कुठे बातम्या वाचतात.

आम्ही दोघं उमऱ्याच्या यात्रेला आलो होतो, मी आणि हे. परतताना एक दिवस जेद्दात काढायचाच, असा परकारभाईंचा हट्ट. परकारभाई मूळचे श्रीवर्धनचे, ह्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे, बांधकामाच्या सामानाचा धंदा. आमच्या काळी इथल्या कोकणातल्या पोरांची शुक्रवारची क्रिकेट लीग तेच चालवायचे. अझीझियातलं हे हॉटेलही त्यांनीच निवडलं, जुन्या आठवणी म्हणून. कुणाच्या आठवणी, ते त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आत गेलो तर हॉलच्या मधली प्लायवूडची भिंत नव्हती. एका टेबलाशी दोन सौदी पोरी लॅपटॉप उघडून बसल्या होत्या, शेजारी एक मलबारी कुटुंब, पलीकडे एक सुदानी म्हातारा एकटाच खबूस रोटी मोडत होता. परकारभाईंनी ओढून दिलेल्या खुर्चीत मी टेकले आणि मनात अंदाज बांधत राहिले, भिंत कुठून कुठे होती, माझा कप्पा कुठे होता आणि तो गोलंदाज कुठे बसला होता. मी बहुतेक त्याच्याच जागेवर बसले होते. मटण मंदीची, म्हणजे अरबी मटण-भाताची, ऑर्डर गेली, हे आणि परकारभाई गुडघेदुखीवर आले, आणि मी जुन्या दिवसांत जाऊन बसले.

त्या वर्षांचा आधी वास येतो. ह्यांच्या कपड्यांना प्लांटचा क्लोरीन चिकटलेला असायचा, दोनदा धुतले तरी जायचा नाही. समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लांटवर नोकरी होती ह्यांची. जिन्यात शेजारच्या येमेनी बाईच्या बखूरचा सुगंधी धूर. आणि आमच्या दारात सुक्या बांगड्यांचा वास, जो मी सगळ्या खिडक्या लावून भाजले तरी चौथ्या मजल्यापर्यंत पोचायचा आणि तिथून तक्रार घेऊन खाली यायचा. उन्हाळ्यात नळाचं पाणी हात भाजेल इतकं तापलेलं. मग आम्ही गीझर बंद ठेवायचो आणि गीझरमधलं पाणी थंड म्हणून वापरायचो. गावी सांगितलं तर आईला वाटलं, मी तिची थट्टा करतेय. अजान झाली की खालच्या बकालाचं, किराणा दुकानाचं, शटर धाडकन खाली, नमाज झाली की धाडकन वर. दिवसाचे तुकडे त्या आवाजानेच पडायचे.

शुक्रवारी सकाळी शहराबाहेर, जिथे इमारती संपून खडी आणि वाळू लागायची, तिथे लीगच्या मॅचेस. सिमेंटची पट्टी, तिच्यावर काथ्याची मॅट, कडांना खिळे ठोकलेले. बायकांनी मैदानात यायचं नाही असं कुणी लिहून ठेवलं नव्हतं, पण कुणी येतही नव्हतं. हे गाडी कडेला लावायचे आणि मागच्या सीटवर तोंडावर पेपर घेऊन पडायचे. मी पुढच्या काचेतून मॅच बघायचे, साइमाला मांडीवर घेऊन. वारा सुटला की काचेवर वाळू सरसरत यायची आणि मी वायपर फिरवून पुढची ओव्हर बघायचे. ह्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही. कोकणातला माणूस आणि क्रिकेट कळत नाही, हे ह्यांच्या आईलाही कधी पटलं नाही.

मला मात्र ते लहानपणीच लागलं होतं. हर्णैला ओहोटी लागली की भाऊ पुळणीवर खेळायचे. मला बॅट मिळायची नाही, स्कोअर लिहायचं काम मिळायचं. लिहिता लिहिता बघायची सवय लागली, आणि बघता बघता लिहायची. जेद्दात घरी कॉम्प्युटर आला, इंटरनेट आलं, आणि मी ब्लॉग सुरू केला. जुम्म्याचा डाव, असं त्याचं नाव. लीगच्या मॅचेस, टीव्हीवरच्या टेस्ट, जे दिसेल ते, चक्क मराठीत. कनेक्शन ह्यांच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, ईमेल ह्यांचा, म्हणून वर नावही ह्यांचंच टाकलं. पहिल्या दिवशी ती नुसती गंमत होती.

मग वाचणारे वाढले. राबिघच्या कॅम्पातून, यान्बूहून, रास तनुऱ्याहून आपली फिटर-वेल्डर पोरं कॉमेंट टाकायची. भाऊ, आमच्या मॅचला कधी येता. भाऊ, त्या अंपायरला बरोबर धुतलात. मी भाऊ झाले होते, आणि खोटं कशाला बोलू, मला भाऊ असणं आवडायचं. भाऊने लिहिलं की मधेच कुणी, तुला काय कळतं, असं विचारत नाही. पण आता उघडं पडलं तर? बायकोच्या लिखाणावर मिरवतो म्हणून ह्यांची चारचौघांत मान खाली, आणि कॅम्पा-कॅम्पातल्या पुरुषांच्या तोंडी माझं नाव म्हणून सासरहून फोन. आम्ही दोघांनी ते ठरवून झाकलं होतं. ह्यांच्या एकट्यावर ढकलायचं नाही मला.

आणि एका मंगळवारी परकारभाईंचा फोन आला. लीगच्या बक्षीस समारंभाला भारतातून दोन जुने टेस्ट खेळाडू येणार होते. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर अझीझियात मोजक्या लोकांचं जेवण. "आमचे ब्लॉगवाले तर हवेतच," परकारभाई म्हणाले. हे फोन धरून माझ्याकडे बघत राहिले. मी खुणेनं विचारलं, कोण कोण? ह्यांनी दोन नावं मोठ्यानं म्हटली, आणि दुसरं नाव ऐकून मी ओट्याला धरून उभी राहिले.

तो डावखुरा फिरकी गोलंदाज होता. फार गाजलेला नव्हे; संघात यायचा, जायचा. पण माझा तो खेळाडू होता. त्याच्याकडे एक चेंडू होता, आर्म बॉल, जो वळतोय असं वाटायचं आणि वळायचा नाही, सरळ आत घुसून स्टंप घेऊन जायचा. भलेभले फसायचे. आणि दहा वर्षं त्याला बघून मला एक गोष्ट सापडली होती. तो चेंडू टाकायच्या आधी, धाव घेण्यापूर्वी, त्याचा उजवा हात कॉलरला जायचा. दोन बोटं, एवढंच. कॉलरला हात गेला की मी स्वतःशी म्हणायचे, हा सरळ येणार, आणि तो सरळ यायचा. ब्लॉगवर हे मी कधी लिहिलं नव्हतं, कारण खरं आहे की माझ्या मनाचे खेळ, हे सांगू शकेल असा माणूस जगात एकच होता. तो शुक्रवारी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर जेवायला बसणार होता, आणि पुरुषांच्या त्या पंगतीत जाऊन मी त्याला भेटू शकत नव्हते.

"तुम्ही विचारा," मी ह्यांना म्हणाले.

"मला आर्म बॉल म्हणजे हातावर बसलेला बॉल वाटतो," हे म्हणाले. "मी आजारी पडतो ना शुक्रवारी."

"पडून तर बघा."

तीन दिवस मी ह्यांची तयारी करून घेतली. साइमाचे पाढे आणि ह्यांचे प्रश्न एकाच टेबलावर. लेग म्हणजे कुठली बाजू, स्लिप कुठे उभी राहते, हा गोलंदाज आहे, ह्याच्या बॅटिंगबद्दल चकार शब्द काढायचा नाही. हे भात कालवता कालवता पुटपुटायचे. साइमा तेव्हा सहा वर्षांची, इंडियन स्कूलमध्ये पहिलीत, ती ह्यांना "राँग, डॅडी" म्हणून दुरुस्त करायची. गुरुवारी ह्यांचं सगळं पाठ झालं आणि माझी झोप उडाली.

आम्ही असं ठरवलं की ह्यांनी पुढच्या दारानं सिंगल्समध्ये, पुरुषांच्या भागात, जायचं आणि मी साइमाला घेऊन गल्लीतून फॅमिली सेक्शनमध्ये. भिंतीला लागून असलेला कप्पा मी घेतला, पडदा ओढला, चहा मागवला. प्लायवूड पातळ होतं. पलीकडे खुर्च्या सरकल्या, सलाम झाले, परकारभाईंचं मोठं हसू, आणि मग एक घोगरा, दमलेला, हिंदीत बोलणारा आवाज. तो आवाज मी मुलाखतींत ऐकलेला होता. आता तो माझ्यापासून दीड हातावर पाणी मागत होता.

पहिला अर्धा तास दुसरा खेळाडूच बोलला, त्याला बोलायची हौस होती. मग परकारभाई म्हणाले, "आमचे लेखक गप्प का?" हे खाकरले. मी डोळे मिटले.

"साहब," हे म्हणाले, "आपकी वो सेंचुरी हमें आज भी याद है."

पलीकडे चमचेसुद्धा थांबले. त्या माणसानं आयुष्यात कधी पन्नासही केले नव्हते. मी टेबलाखाली मोबाइल धरून ह्यांना एसेमेस ठोकत होते आणि बोटं भलतीच बटणं दाबत होती. तेवढ्यात तो घोगरा आवाज हसला. "मजाक अच्छा करते हैं आप," तो म्हणाला, "मेरी बॅटिंग पे तो मेरी माँ भी हसती थी." सगळे खदखदून हसले, हेही हसले, आणि मी मोबाइल खाली ठेवला.

"नाऊ डॅडी विल आस्क युवर क्वेश्चन," साइमा म्हणाली. हळू बोलायचं तिला तेव्हा ठाऊकच नव्हतं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला. पलीकडे कुणी ऐकलं की नाही ते कळेना. मग ह्यांनी सुरुवात केली, "साहब, एक सवाल था, आपकी आर्म बॉल के बारे में," आणि अजान झाली.

अस्रची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची अजान. शटर खाली आलं, निम्मे दिवे गेले, आणि परकारभाईंसकट सगळी मंडळी मशिदीकडे निघाली. दुसऱ्या खेळाडूला सिगरेट ओढायची होती, तोही बाहेर पडला. फॅमिली सेक्शनमध्ये मी आणि साइमाच होतो. पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज येईल म्हणून मी वाट बघितली, आणि तो आला नाही. तो तिथेच बसला होता. मुसलमान नव्हता, सिगरेट ओढत नव्हता, त्यामुळे त्याला जायला जागाच नव्हती.

वीस मिनिटं. मला त्याचं सगळं ऐकू येत होतं. त्यानं बोटं मोडली, एकेक करून, पाचही. पाणी प्यायला. काहीतरी गुणगुणला आणि अर्ध्यात सोडलं. साइमा माझ्या मांडीवर डोकं टेकून पेंगली. मी उठले, भिंतीला हात लावला. प्लाय थंडगार होतं. नुसतं म्हणायचं होतं, साहेब, मी पलीकडून बोलतेय, एक विचारायचं होतं. हिंदीत चार वाक्यं मी मनातल्या मनात चारदा जुळवली. कुणी नव्हतं, कुणाला कळलं नसतं, आणि त्या माणसाला काय, त्यानं सहज उत्तर दिलं असतं. पण हॉटेलचा पोऱ्या येईल, ह्यांचं काय होईल, बाईमाणसाचा आवाज ऐकून तो दचकेल. कारणं एकापाठोपाठ एक सुचत गेली. मी भित्री होते, एवढंच खरं कारण. शटर वर गेलं तेव्हा मी भिंतीला हात लावूनच उभी होते.

मंडळी परतली आणि ह्यांनी प्रश्न विचारला. अगदी मी पढवला होता तसा, शब्दन् शब्द. कॉलर, दोन बोटं, उजवा हात, धाव घेण्यापूर्वी. फलंदाजांच्या हे कधी लक्षात आलं नाही का?

पलीकडे खुर्ची करकरली. "बीस साल खेला," तो हळूच म्हणाला. "किसी बॅट्समन ने नहीं पकडा. मेरे कप्तान ने नहीं पकडा. मेरी बीवी को मैंने खुद बताया था." मग विचारलं, "आपको कैसे दिखा?"

खरं होतं. मला जे दिसलं होतं ते खरं होतं. मला नाचावंसं वाटलं, पण ह्या प्रश्नाची तयारी मी करून घेतली नव्हती. आता हे सापडणार. आता सगळं उघडं पडणार. मी पडदा मुठीत धरून देवाचं नाव घेत उभी.

"बस, साहब," हे म्हणाले. "नजर है."

टाळ्या पडल्या. परकारभाई म्हणाले, "आमचे भाऊ आहेतच तसे." त्यानं उठून ह्यांना मिठी मारली असावी, पाठीवर थाप मारल्याचा आवाज आला. आम्ही सुटलो होतो, कुणालाही काही कळलं नव्हतं. आणि मी त्या कप्प्यात खाली बसून रडले. तीन दिवस मला भीती होती ती पकडले जाण्याची. न पकडले गेल्यावर समजलं की मला पकडलं जायचं होतं. ह्यांनी नुसतं भिंतीकडे बोट जरी केलं असतं, तरी मला चाललं असतं.

गाडीत हे थांबतच नव्हते. त्यानं काय म्हटलं, कसं बघितलं, खांद्यावर हात कसा ठेवला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "माझा प्रश्न ऐकून तो गारच पडला." माझा. ह्यांच्या लक्षातही आलं नाही, आणि मी चूक दाखवली नाही. साइमानं मागून "राँग, डॅडी" म्हणून बघितलं, मी तिला गप्प केलं. त्या दिवसाची हकीकत मी ह्यांच्या नावानं लिहिली, ब्लॉगवर आजवर कधी पडल्या नाहीत इतक्या कॉमेंट पडल्या, आणि त्यानंतर मी लिहिलं नाही. तसं ठरवून सोडलं नाही. बसलं की हात चालायचे नाहीत. लोक ह्यांना विचारायचे, का हो लिहीत नाही? हे सांगायचे, वेळच मिळत नाही. पुढे ती साइटही बंद झाली आणि होतं नव्हतं ते सगळं गेलं.

मंदीचं ताट आलं. भातातून वाफ आली, लवंगेचा वास आला, परकारभाईंनी मटणाचा चांगला तुकडा ह्यांच्या पुढ्यात सरकवला. मलबारी कुटुंबातलं पोर टेबलाखालून रांगत आमच्या पायांशी येऊन गेलं.

"इथेच बसला होता ना तो," परकारभाई ह्यांना म्हणाले. "काय प्रश्न विचारलात तुम्ही. मी आजही लोकांना सांगतो. परत लिहायला लागा की, आता तर रिटायर आहात."

हे भाताकडे बघत होते. ह्यांच्या तोंडावर ते वाक्य आलेलं मला दिसलं, वेळ मिळत नाही वालं. ते बाहेर पडायच्या आत मी बोलले.

"परकारभाई, ते मी लिहायचे."

ते हसले. मी हसले नाही म्हणून त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"खरंय," हे म्हणाले. "मी पाठ करून आलो होतो. प्रश्नसुद्धा तिचाच. ही इथे, ह्या भिंतीमागे बसली होती." आणि जिथे भिंत नव्हती तिथे बोट केलं.

मला वाटलं, आता परकारभाई म्हणतील, कशाला थट्टा करता म्हाताऱ्याची. त्यांनी हात पुसले, खुर्ची माझ्या बाजूला वळवली आणि विचारलं, "मग भाबी, तुम्हाला कसं दिसलं ते?"

इतक्या वर्षांनी तो प्रश्न मला कुणी विचारत होतं. उत्तर तर मला तेव्हाही माहीत होतं.

"टीव्हीचा आवाज बंद असायचा," मी म्हणाले. "ह्यांची नाइट असायची. सकाळी येऊन झोपायचे आणि आमची खोली एकच. मॅच सुरू व्हायची ह्यांच्या उशाशी. दहा वर्षं मी आवाज बंद करून बघितली. ऐकायला काही नसलं की माणूस हातच बघत बसतो."

हे माझ्याकडे वळले. ह्यांचे डोळे भरले होते.

"मला वाटायचं," हे म्हणाले, "त्या वेळी तूही झोपतेस."